जर्मन काष्ठछाप खरोखर लोकांसाठी होती का?

रेघोट्या: १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लायल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्र्युके’ हा चित्रकारांचा गट काढला, पुढच्याच वर्षी किर्शनरने गटाचा जाहीरनामा लाकडात कोरला, आणि जुना चित्रकार ड्यूरर याच्या देशात काष्ठछाप (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेले चित्र) पुन्हा लोकांपर्यंत पोहोचली, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. ड्यूररचा ‘अपोकॅलिप्स’ हा काष्ठछापांचा संग्रह १४९८ मध्ये छापील पुस्तक म्हणून विकला गेला. ब्र्युकेचे छापचित्रांचे वार्षिक संच मात्र सुरुवातीला वर्षाला १२ मार्क वर्गणी भरणाऱ्या ‘निष्क्रिय सभासदांना’ मिळत. आव लोककलेचा, गिऱ्हाईक मूठभर हौशी.

शाईचे बोट: असहमत. जुन्या काळी बहुधा चित्रकार रेखाटन करी आणि कोरणारा कारागीर वेगळा असे. एकोणिसाव्या शतकात तर लाकडावरचे कोरीव काम मुख्यतः मासिकांतल्या चित्रांच्या नकलांपुरते उरले होते. या तरुणांनी रेखाटणे, कोरणे आणि छापणे एकाच हाती आणले, म्हणून छापावर हत्याराचा घाव आणि लाकडाची शीर दोन्ही दिसतात. गोगँ आणि मुंक या चित्रकारांनी ही वाट आधी चोखाळली होती, हे मान्य. पण तिचा राजरस्ता जर्मनीतच झाला. शिवाय तुम्ही जर्मन चित्रकर्ती केटे कोल्वित्झला विसरलात.

रेघोट्या: विसरलो नाही. १९२४ चे ‘पुन्हा युद्ध नको’ हे तिचे गाजलेले भित्तिपत्रक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले, आहे. जनतेला हाक घालायची वेळ आली तेव्हा तिनेही लाकूड बाजूला ठेवले, याला काय म्हणावे?

शाईचे बोट: भित्तिपत्रकाला भराभर आणि भरपूर प्रती लागतात, तिथे शिळाछापच सोयीची. पण १९१४ मध्ये मुलगा पेटर युद्धात पडल्यावर जे तिला वर्षानुवर्षे कागदावर साधत नव्हते, ते १९२० मध्ये शिल्पकार बार्लाखची काष्ठछापे पाहिल्यानंतर ‘युद्ध’ मालिकेच्या ७ चित्रांत उतरले. त्यातले ‘आईवडील’ पाहा: गुडघे टेकलेल्या बापाने एका हाताने तोंड झाकले आहे, आई त्याच्यात वाकून मिसळली आहे, आणि दोघांचा मिळून एकच काळा ढीग झाला आहे. ठोकळ्याचा न कोरलेला भाग काळाच उमटतो. या दुःखाला तेच हवे होते.

रेघोट्या: चित्राबद्दल वाद नाही. तरीही ही मालिका संच म्हणूनच प्रसिद्ध झाली, त्यामुळे गिऱ्हाइकाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे.