वेलबीइंगला ‘स्वास्थ्य’ म्हणावं का?

सांजवात:
माझी भाची अमेरिकेत मानसशास्त्र शिकते. तिच्या वर्गातली पंधरा मुलं उन्हाळ्यात चार आठवडे कोपनहेगनला राहून आली. अभ्यासाचा विषय: डॅनिश लोकांचं सुख आणि त्यांचं वेलबीइंग. तिनं रोजनिशी लिहिली, त्यातली काही पानं मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय. मथळा दिला, ‘डेन्मार्कमधलं सुख आणि स्वास्थ्य’. संपादकांचा फोन आला, “ताई, स्वास्थ्य हे हिंदी झालं. लोकांना वाटेल दवाखान्यांवर लेख आहे.” मला हे पटत नाही. आमची आजी म्हणायची, “सगळं आहे गं, पण जिवाला स्वास्थ्य नाही.” ती बाई आयुष्यात कधी हिंदी बोलली नाही. आता मथळा बदलू की भांडू?

मोडीवाचक:
भांडा, ताई. स्वास्थ्य म्हणजे स्वस्थ असणं. स्व अधिक स्थ, आपण आपल्या ठिकाणी असणं. हिंदीत अस्वस्थ माणूस आजारी असतो. आपल्याकडच्या अस्वस्थ माणसाला ताप नसतो, घोर असतो. तब्येतीसाठी आपल्याकडे आरोग्य आहे, प्रकृती आहे. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द असताना हिंदीच्या रेट्याखाली त्यातला एक का घालवायचा?

खानदेशी:
मोडीवाचक, अर्थ तुमचा बरोबर, पण तो आता पोचतो का? माझं औषधाचं दुकान आहे. पावडरच्या डब्यांवर, सरकारी पत्रकांवर रोज ‘स्वास्थ्य’ छापून येतं आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच, तब्येत. माझ्या मुलीला विचारलं, स्वास्थ्य म्हणजे काय? ती म्हणाली, हेल्थ. तिचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांकडे असतो.

मोडीवाचक:
मग ‘स्वस्थ बस जरा’ असं तुम्ही त्याच मुलीला म्हणता तेव्हा ती काय समजते?

खानदेशी:
ते बरोबर समजते. हा मुद्दा मान्य.

ऑरहूसकर:
मी नऊ वर्षं डेन्मार्कमध्ये आहे, दोन्ही मुलं इथल्याच शाळेत जातात. वेलबीइंग हा इंग्रजी शब्द मधे कशाला? इथले लोक रोज काय म्हणतात ते बघा. शाळेत, कचेरीत सगळीकडे शब्द आहे ‘त्रिव्सल’. २०१५ पासून सरकारी शाळांत दरवर्षी मुलांची त्रिव्सल मोजतात. धाकटीला प्रश्न होते: तुला शाळा आवडते का, तुला एकटं वाटतं का. परीक्षेच्या गुणांइतक्याच गांभीर्यानं बाई त्यावर बोलतात. याचं क्रियापद झाडालाही लागतं. कुंडीतलं रोप खिडकीपाशी ‘त्रीवस’ करतं, माणूस नोकरीत करतो. मराठीत याला एकच क्रियापद चपखल बसतं, मानवणं. हवा मानवली, पाणी मानवलं, नवी शाळा मानवली. दर वेळी मला तेच आठवतं.

सांजवात:
मानवणं! किती दिवसांत ऐकलं नव्हतं. पण मथळ्यासाठी नाम हवं ना. ‘मानवणूक’ तर कोणी म्हणत नाही.

पत्रावळ:
नाम तुमच्या घरातच पडलंय: खुशाली. वेलबीइंगचा अर्थ शब्दशः तोच. “खुशाली कळव” म्हणतो तेव्हा आपण तब्येत, घरदार, पैसा, मन सगळं एकदम विचारतो. आणि तो आपलाच, कुशलपासून झालेला. जुन्या पत्रांत “येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे” असायचंच.

मोडीवाचक:
पत्रावळ, शब्द उत्तम, व्युत्पत्ती चुकीची. खुशाली फारसीतून आला, खुश अधिक हाल. हाल म्हणजे स्थिती. चांगल्या स्थितीत असणं. कुशल संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही. कानाला जवळचे वाटतात एवढंच.

पत्रावळ:
माझे वडील भिक्षुकी करायचे. कुशल म्हणजे हात न कापता कुश आणणारा, असं ते सांगायचे. खुशालीही त्यातूनच, असंही त्यांनीच सांगितलं होतं. फारसी असेल तर मी मथळ्यात सुचवणार नाही. त्यापेक्षा ‘क्षेम’ घ्या. योगक्षेम: जे नाही ते मिळवणं आणि मिळालेलं राखणं. आयुर्विमा महामंडळानं हा शब्द बोधवाक्यात घेतला तो उगाच नाही. कल्याणकारी राज्य दुसरं काय करतं?

खानदेशी:
फारसी काढायचं ठरलं तर ‘कागद’ही जाईल, मग दिवाळी अंक कशावर छापणार? खुशाली चारशे वर्षं आपल्या घरात आहे. पोस्टमनला आमच्या गावात म्हातारी माणसं पत्राबद्दल नव्हे, खुशालीबद्दल विचारायची.

ऑरहूसकर:
एक गोष्ट सांगायला हवी, कारण भाचीच्या रोजनिशीतही ती असणार. जागतिक आनंद अहवालात डेन्मार्क २०१२, २०१३ आणि २०१६ साली पहिला होता, २०१८ पासून फिनलंड पहिला आहे. पण त्या पाहणीत ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं विचारतच नाहीत. एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. तळाशी शून्य, म्हणजे तुमच्यासाठी वाईटात वाईट आयुष्य. वर दहा, म्हणजे चांगल्यात चांगलं. तुम्ही कितव्या पायरीवर? माझे शेजारी शांतपणे आठ म्हणतील. ते हसऱ्या तोंडाचे लोक नाहीत. बसमध्ये शेजारचा माणूस चुकून बोलत नाही. त्याला आनंद म्हटलं की चित्र चुकतं.

सांजवात:
हो, तिनं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात मुलांना प्रश्न पडला की सुखी माणसं आहेत तरी कुठे. मग एका संध्याकाळी कॅफेबाहेर बाबागाडीत बाळ झोपलेलं, आई काचेच्या आत कॉफी पितेय आणि कुणालाच त्यात काही वाटत नाही, हे बघून सगळी थबकली. भाची लिहिते, “मी दहा मिनिटं त्या गाडीवर लक्ष ठेवून उभी राहिले, मग लक्षात आलं की माझ्याशिवाय कोणीच ठेवत नाहीये.”

ऑरहूसकर:
त्याला इथे ‘ट्र्युगहेद’ म्हणतात. आमची थोरली अशीच थंडीत बाहेर झोपायची. पहिले दोन महिने मला घास गोड लागला नाही. निर्धास्तपणा म्हणा.

मोडीवाचक:
शिडीच्या प्रश्नाला उत्तर ‘समाधान’. आणि याच शब्दाचं हिंदीत काय झालं बघा: समस्या आणि समाधान. आपल्याकडे तुकोबांचं “चित्ती असो द्यावे समाधान” अजून शाबूत आहे. स्वास्थ्य गेलं तर उद्या हेही जाईल, म्हणून मी भांडतोय.

घाटावरची:
मी इतका वेळ वाचतेय. तुम्ही सगळे ‘ह्युगे’ हा शब्द कसा सोडला? डॅनिशमध्ये तो नॉर्वेजियनमधून आला म्हणतात. मेणबत्ती, बाहेर वारा, आत चार माणसं. त्याला निवांत म्हणा. निवांत मुळात ‘निवात’, म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेतला निवाऱ्यातला न हलणारा दिवा आठवा. डेन्मार्कसारख्या वाऱ्याच्या देशाला यापेक्षा चांगला शब्द कुठला?

पत्रावळ:
निवांत हा निवणे पासून. निवणे म्हणजे गार होणे. डोळे निवले, जीव निवला.

घाटावरची:
निवणे वेगळं. आमच्या घाटावर पावसाळी वाऱ्यात उभं राहून बघा, निवांत म्हणजे काय ते कळेल.

ऑरहूसकर:
दोघांचं ऐकून एक जाणवलं. आपल्याला सुख गारव्यात सापडतं: जीव थंड झाला, डोळे निवले, पोटात गार पडलं. इथं ते उबेत. म्हणून ह्युगेला ‘ऊब’ म्हणावंसं वाटतं, पण मग त्यातली माणसं निसटतात. आणि याच शब्दाला ‘ऊ’ जोडला की ‘ऊह्युगे’, म्हणजे थरकाप. ऊब उलटवून भीती होत नाही.

सांजवात:
मेणबत्तीला ते ‘लेवने ल्यूस’ म्हणतात, जिवंत उजेड. रोजनिशीत शेवटच्या रात्रीचं जेवण आहे. यजमानबाईंनी टेबलावरच्या सात मेणबत्त्या घंटेच्या आकाराच्या छोट्या टोपणानं एकेक करून मालवल्या, फुंकर घातली नाही. त्या टोपणाचंच नाव मौजेवर विरजण घालणाऱ्या माणसालाही देतात. मी भाषांतरात ‘मेणबत्त्या विझवल्या’ लिहिलं होतं, ते खोडलं.

पत्रावळ:
शांत केल्या लिहा. आमच्याकडे दिवा विझवत नाहीत.

घाटावरची:
आमच्याकडे ‘दिवा वाढव’ म्हणतात. सासूबाई वात तेलात ओढून घ्यायच्या, हाताला काजळी लागायची.

खानदेशी:
आमच्याकडे ‘मोठा कर’. लहानपणी मी एकदा खरंच वात वर काढली होती आणि आजी धावत आली होती.

मोडीवाचक:
‘मोठा कर’ प्रथमच ऐकतोय. खानदेशात कुठे? धुळ्याकडे की जळगावकडे?