ओटी म्हणजे फिजिओ नव्हे
वर एकांनी लिहिलंय, एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) म्हणजे फिजिओच, नाव तेवढं वेगळं. तसं नाही हो. आम्ही खानापूरचे, बायकोला एमएस आहे. फिजिओ पायांची ताकद बघायचे, ओटीवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाकरी कशी थापता?" मग परात ओट्यावरून टेबलावर आली, बसायला स्टूल, उलथन्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. बोटं बधिर, चटका कळत नाही, म्हणून लांब चिमटा. उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळी लवकर, कारण या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण खराब झालेलं असतं, अंग तापलं की संदेश आणखी अडखळतात. गार झालं की बरं वाटतं. ती म्हणते, भाकरी आता पूर्वीसारखी गोल होत नाही. (पूर्वीही होत नव्हती, पण हे इथेच राहू द्या.)