स्वाक्षरी नको, प्रश्न पाठव

या धाग्यावर एकांनी लिहिलंय, जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ म्हणून थोरच, पण त्यांना शिक्षक म्हणणं ओढूनताणून वाटतं. मला नाही पटलं. व्याख्यान संपलं की पोरं वह्या घेऊन सरांना गराडा घालायची. सर सांगायचे, स्वाक्षरी देत नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. आणि खरंच उत्तर धाडायचे! पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करणारा माणूस हा, बरं का. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही तिथलीच.

हे घरातूनच आलं असणार. वडील विष्णु वासुदेव बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. घरच्या फळ्यावर मोरूमामा भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवायचे, आणि ते सुटेपर्यंत तिथंच राहायचं.

१९६६ साली मंगलाताईंशी लग्न, पुढे तीन मुली, १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, सर मे २०२५ मध्ये. गणित सोपं करून सांगण्यात ताई तसूभरही कमी नव्हत्या. त्यांच्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, दोन ओळींत उरकण्यासारखं ते काम नाही.