घरात पिल्लू आलं अन् जुना कुत्रा बदलला, तुमच्या इकडे काय झालं?

धागा काढणारा, दारव्हा तालुका

आमचा वाघ्या नऊ वर्षांचा. गावठीच, कोणाच्या तरी कुटाराच्या ढिगात जन्मलेला, पण वावराची राखण करावी तर त्यानंच. तुरीच्या दिवसात बाबांसोबत जागलीले जाते, बाबा माळ्यावर अन् हा माळ्याखाली, रोही म्हणजे नीलगाई नाहीतर डुकरं बांधावर आली की माणसाच्या आधी याले कळते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझ्या पोरानं शाळेजवळून एक पिल्लू उचलून आणलं, पांढरं, एका डोळ्याभोवती काळा डाग, नाव ठेवलं बुंदी. तेव्हापासून वाघ्याचं काही खरं नाही.

पहिले तीन दिवस त्यानं तिच्याकडं पाह्यलंच नाही. मग दारातली जागा सोडून कोठ्यात बैलांच्या गव्हाणीपाशी झोपायला लागला. भाकर टाकली तर खाते, पण बुंदी जवळ आली की अर्धी सोडून उठून जाते. ती अंगावर चढली की गुरगुरते, एकदा तर दात दाखवले म्हणून मी त्याले चप्पल फेकून मारली, त्याचं आता वाईट वाटते. अन् सगळ्यात मोठं म्हणजे बंडी निघाली की मागं मागं वावरात जाणारा कुत्रा आता गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जाते अन् वापस येते. आई म्हणते रुसला. बाबा म्हणतात बुढा झाला. पोरगं म्हणते बुंदीवर जळते. तिघांचंही थोडं थोडं पटते म्हणून विचारून राह्यलो. ज्यांनी जुनं कुत्रं असताना पिल्लू आणलं त्यांनी लिहा, किती दिवसात जमलं, का जमलंच नाही. सल्ला द्या पण आधी अनुभव सांगा.

आर्वीकडची एक सून

दादा, आमच्या राणीचं ऐका. सात वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नव्हतं, दिवाळीनंतर नणंदेनं एक पिल्लू पाठवलं अन् पहिला आठवडा राणी पायरीवरून खालीच उतरेना, पिल्लू अंगणात तर ही ओसरीत, ही अंगणात आली की पिल्लू ओसरीत, आम्ही म्हटलं झालं, आता हे वर्षभर असंच चालणार. आठव्या दिवशी सकाळी पाहतो तर पिल्लू गायब. शोधता शोधता तुराट्यांच्या गंजीमागं सापडलं, राणी आडवी पडलेली अन् पिल्लू चक्क पीत होतं. दूध! सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या, म्हणे ही गेल्या जन्मीची माय आहे याची. डॉक्टर म्हणाले चमत्कार वगैरे काही नाही, माजावर येऊन दीड-दोन महिने झाले की काही कुत्र्यांचे गाभण नसतानाही सड फुगतात, दूध येतं, त्यात पिल्लू मिळालं तर मग विचारूच नका.

ऐकायला गोड वाटतं पण त्रास पुढं झाला. राणी कोणाला गंजीजवळ येऊ देईना. माझ्या धाकटीच्या फ्रॉकला दात लावले, जिच्या अंगाखांद्यावर वाढली तिच्याच. सासूबाई सड दाबून दूध काढायला निघाल्या होत्या, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, दाबलं की आणखी येतं. पिल्लाला दिवसा वेगळं ठेवलं, दोन-तीन आठवड्यात दूध आटलं, पूर्ण आटल्यावर मग ऑपरेशन करून घेतलं. आता दोघी बहिणींसारख्या आहेत, म्हणजे भांडतात पण.

ताडोबाच्या बफरमधून

सांगतो जी. आमचा शेरू रात्रभर भुकणारा कुत्रा, शेजारी शिव्या देत. पिल्लू आणलं अन् पंधरा दिवसात शेरू रात्री चूप. अंधार पडला का दार खरडे, आत घेतलं का खाटेखाली शिरे अन् सकाळपर्यंत बाहेर निघत नसे. आम्ही पिल्लालेच दोष दिला, पिल्लू घरात झोपते म्हणून यालेही घरात पाह्यजे असं वाटलं. मग मी काय केलं, शहाणपणा, पिल्लाले अंगणात खुंटीले बांधलं अन् शेरूले आत घेतलं. बायकोले दया आली, तिनं बाराच्या सुमारास पिल्लू उचलून आत आणलं. सकाळी सारवलेल्या अंगणात पंजे. खुंटीच्या चारी बाजूनं. वनविभागाच्या लोकांनी कॅमेरा लावला तर बिबट.

शेरूले पिल्लाशी काहीच घेणंदेणं नव्हतं. तो आम्हाले सांगून राह्यला होता अन् आम्ही रुसवा समजत होतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यानं कुत्रं रात्री मोकळ्यात बांधू नये, बिबटाले कुत्रं म्हणजे सोपी शिकार.

दर्यापूर

आमच्या इकडे उलटंच. बारा वर्षांचा कुत्रा, दिवसभर बाजेखाली पडून, लोक विचारत जिता हाय का. पिल्लू आलं अन् आठ दिवसात बुढा चप्पल पळवायला लागला. पिल्लू पळवते ते समजू शकतो, याले काऊन पाह्यजे चप्पल? आता आमचा आबाजी अनवाणी फिरते अन् दोघायले शिव्या देते. एवढंच.

ढोरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं काढलेला, आता घरी

धागा वाचला, मुख्य धागेवाल्यांना दोन गोष्टी सांगतो, वयानं मोठा आहे म्हणून रागावू नका.

पहिली, गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं तोंडानं सांगणं आहे की लेका सरक. ते मारून मारून बंद केलं तर तो पुढच्या वेळी न सांगता चावतो, अन् मग लोक म्हणतात अचानक चावला. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, तोपर्यंत ते पिल्लू म्हाताऱ्याच्या कानाला, शेपटीला, पायाला लोंबकळणारच. मोठं कुत्रंच त्याला शिकवतं किती जोरात चावायचं. फार लहानपणी, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू असेल तर त्याला हे कमी कळतं.

दुसरी, अन् ही जास्त महत्त्वाची. आठ-नऊ वर्षांचं कुत्रं चालायचं कमी झालं, जागा बदलली, चिडचिडं झालं तर आधी दुखणं शोधा, रुसवा नंतर. सांधे, दात, कान, डोळ्यातला मोतीबिंदू. आपल्याकडं गोचिड हा मोठा शत्रू, गोचिडाचा ताप आला की कुत्रं मलूल होतं, खात नाही, कधी नाकातून रक्त येतं. कानाच्या आत अन् बोटांच्या बेचक्यात हात घालून पाहा. अन् कृपा करून माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. मी ३१ वर्षांत ज्या कुत्र्यांना वाचवू शकलो नाही त्यातली काही घरच्यांच्या मायेनं दिलेल्या गोळीनं गेली.

पिल्लाचं लसीकरण विचारलं नाही तरी सांगतो. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा रक्ती जुलाब-उलट्यांचा आजार, त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांचं झालं की, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. जंताचं औषध दोघांनाही. उचलून आणलेल्या पिल्लाला सरळ म्हाताऱ्याच्या ताटलीत तोंड घालू देऊ नये, पण हे आता सांगून काय उपयोग.

मेहकरकडून

लिहू का नको करत होतो. आमचं जमलं नाही.

काळ्या सहा वर्षांचा, पिल्लू चार महिन्यांचं. दोन महिने छान गेले, एकत्र झोपत. घरी मटण होतं, पाहुणे होते, पाहुण्यातल्या कोणीतरी एक हाड टाकलं. एकच. पिल्लू धावलं अन् काळ्यानं त्याचा कान फाडला. आवाज अजून कानात आहे. चूक काळ्याची नव्हती, भाकरीवर तो कधी बोलला नाही, पण हाड म्हणजे हाड. त्या दिवसापासून पिल्लू त्याला पाहिलं की लघवी करायचं अन् काळ्या त्याला पाहिलं की अंगावर जायचा. आम्ही महिनाभर आळीपाळीनं बांधलं, शेवटी पिल्लू मामाच्या वावरात दिलं. तिथं मस्त आहे. काळ्या मात्र आठ दिवस फाटकाकडं तोंड करून बसायचा, आता त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

दोन कुत्री असतील तर खायला वेगवेगळं, भिंतीआड, अन् पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

कारंजाची मुलगी, सध्या पुण्यात

घरी आईबाबा अन् आमची टिपू. मी सुट्टीत पिल्लू घेऊन गेले कारण टिपूला सोबत हवी असं मला, पुण्यात बसून, वाटलं. मी परत आल्यावर आई रोज व्हिडिओ कॉलवर सांगायची की टिपू घरात मुतून राहिली, मुद्दाम पिल्लाच्या पोत्यावर मुतते, सूड घेते. दहा वर्षांत एकदा घर खराब केलं नव्हतं तिनं. पाणीही फार प्यायची, पण एप्रिल होता, आपल्याकडचा एप्रिल, माणसंच रांजण रिकामा करतात तर कुत्र्याचं काय, असं आम्ही म्हटलं. रक्त तपासलं तेव्हा किडनीचं निघालं.

पुढं ती आठ महिने होती. पिल्लू तिच्या पोटाशीच झोपायचं. ज्या पोत्यावरून आई तिला रागावली ते पोतं आईनं अजून धुऊन ठेवलं आहे.

धागा काढणारा, पुन्हा

सगळ्यायचे आभार. काकाजी, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी वाघ्याले बंडीत टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं अंग चाचपलं, कान पाह्यले, गोचिड निघाले पण ताप नव्हता. मग मागचा डावा पाय खुब्यापाशी थोडा मागं ओढला अन् वाघ्यानं जी किंकाळी मारली, बाबा उभे होते ते खाली बसले. संधिवात. अन् बुंदी नेमकी त्याच पायाले लोंबकळायची, आम्ही सगळे रोज डोळ्यानं पाहत होतो. नाल्यापर्यंत जाऊन वापस येत होता कारण नाल्याचा चढ त्याले चढवत नव्हता. कोठ्यातही रुसून गेला नव्हता, दारातल्या फरशीपेक्षा तिथलं कुटार नरम अन् ऊबदार.

पोरगं थोडं बरोबर निघालं म्हणा. गोळ्या सुरू झाल्या, पायाचं दुखणं कमी झालं, तरी भाकरीच्या वेळी बुंदी दिसली की वाघ्या गुरगुरतेच. मी आता काही बोलत नाही. ती सरकते. दोघायले वेगळं वाढतो, एकाले कोठ्यात अन् एकीले ओसरीत. पोराले काम दिलं, दुपारी वाघ्या झोपला की बुंदीले दोरीनं दुसरीकडं न्यायचं, कारण बुढ्याले झोप लागते फार अन् पिल्लू जागं झालं की पहिले त्यालेच उठवते.

तूर आता फुलावर आहे. जागल सुरू झाली. वाघ्या बंडीत बसून जाते, पोतं टाकलेलं असते, बाबा म्हणतात बैलायले आता कुत्रंही ओढाव लागून राह्यलं. बुंदी बंडीमागं. परवा रात्री रोही आले. वाघ्या माळ्याखालूनच भुकला, उठला नाही. बुंदी धावत गेली अन् त्यांच्यापुढं उभी राहून शेपूट हलवत बसली.