'जैवसंपृक्त' बाजरी: गावात कळेल असा शब्द सुचवा

रानजाई (धुळे)
शिंदखेडा तालुक्यातल्या बचत गटांसाठी 'धनशक्ती' बाजरीचं पत्रक करतेय. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात दर दोन ओळींनी 'बायोफॉर्टिफाइड' येतं, म्हणजे वाणातच पोषण वाढवलेलं. शेतीच्या मासिकांत 'जैवसंपृक्त' वाचलं होतं, तेच लिहिलं आणि परवा बैठकीत वाचून दाखवलं. पुढे बसलेल्या आजींनी लगेच विचारलं, "यामा काय टाकेल शे?" (यात काय टाकलंय?) शेजारची म्हणाली, जैव म्हणजे जैविक, बिनखताची. तिसरीला वाटलं हे कपाशीच्या बीटीसारखं काहीतरी असणार.

तिन्ही अर्थ चूक. हा वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा, २०१२ साली महाराष्ट्रासाठी आला. जास्त लोहाची कणसं निवडत निवडत केलेला आहे, बाहेरचं जनुक घातलेलं नाही. लोह दाण्यातच असतं, किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम. एवढं सगळं पोटात घेईल असा एक शब्द आहे का? पत्रक गुरुवारी छापायला जातंय.

जुनामास्तर (अमळनेर)
ताई, 'संपृक्त' आधी काढा. मी वर्षानुवर्षं वर्गात संपृक्त द्रावण शिकवलं. आणखी साखर विरघळणारच नाही, ती अवस्था म्हणजे संपृक्त. बाजरीत आता लोह मावतच नाही, असं म्हणायचंय का? 'पोषणपुष्ट' घ्या. पुष्ट, धष्टपुष्ट, पुष्टी हे शब्द घराघरात आहेत.

ताटवाटी (जळगाव)
मास्तरांना माझा पाठिंबा, कारण वेगळं. मी आहारसल्ला देते. हृदयाच्या पेशंटला रोज सांगते, संपृक्त मेद कमी खा. तोच माणूस उद्या 'जैवसंपृक्त बाजरी' वाचून पिशवी खाली ठेवेल. एकाच ताटात एक संपृक्त वाईट आणि दुसरं चांगलं, हे मी कसं समजावू?

पांझराकाठ (साक्री)
कसदार बाजरी. विषय संपला. आमच्याकडे चाऱ्यालाही कस म्हणतात, दादरच्या, म्हणजे आमच्या रब्बी ज्वारीच्या, कडब्यात कस असतो. आई हायब्रीड ज्वारीबद्दल शेवटपर्यंत एकच म्हणायची, पोट भरतं पण कस नाही. तिला मिलिग्रॅम माहीत नव्हते, पण ती बोलत होती ते याच विषयावर.

आणि पत्रकात 'सरळ वाण' हे जरूर लिहा. धनशक्ती हायब्रीड नाही, त्यामुळे नीट निवडून घरचं बी ठेवता येतं. शेतकरी आधी तेच विचारतो.

शब्दवेध (पुणे)
'कस' सुंदर आहे. मूळ 'कष', म्हणजे घासणं. कसोटी आणि निकष त्यातलेच. सोनं घासून पाहिलं की जे खरं उतरतं तो कस. पण मराठीत तो मुख्यतः जमिनीला चिकटलाय. 'कसदार बाजरी' वाचून कुणीही म्हणेल, काळ्या रानातली असेल. वाणाचा गुण त्यातून कळत नाही.

सरकारी मराठीत रेशनच्या तांदळासाठी 'गुणसंवर्धित' रुळलाय. तोच का घेत नाही?

रानजाई
नको हो, तोच शब्द भोवेल! त्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा असतो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रावर बनवलेला. तो दिसायला जरा निराळा, पाण्यात तरंगतोही. आमच्याकडे बायकांनी 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून सुपातून एकेक निवडून टाकला. रक्तवाढीसाठी दिलेला दाणाच कोंबड्यांपुढे गेला. आजींचा "काय टाकेल शे" तिथूनच आलाय. म्हणून मला असा शब्द हवा, ज्यात 'टाकलेलं' असा वासही येणार नाही.

केळीवाला (रावेर)
शब्द घडवायला बसलात की असंच होणार. आमची निम्मीअधिक केळीची बाग टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची आहे. सरकारी फॉर्मवर 'ऊतिसंवर्धित रोपे' लिहितो, पण नर्सरीत जाऊन कुणी ऊती मागत नाही. वडील मुनवे (केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं) आणायचे, आम्ही टिश्यू आणतो. लोक वस्तू वापरतात आणि तोंडात बसेल ते नाव ठेवतात. 'लोहवाली बाजरी' छापा.

जुनामास्तर
केळीवाले, मग तुमच्या बागेत 'ठिबक' कुठून आलं? साध्या मराठी क्रियापदावरून कुणीतरी विचार करून तो शब्द नेमला, आणि आज निरक्षर गडीसुद्धा ठिबक म्हणतो. शब्द घडवणं वाईट नसतं, आळशीपणाने घडवणं वाईट. 'ऊतिसंवर्धित' हा कोशात बघून जोडलेला आणि 'ठिबक' हा पाण्याकडे बघून केलेला. फरक तिथे आहे.

केळीवाला
सर, ठिबक कुणी नेमलं नाही. ठिबकतं म्हणून ठिबक. पण तुमचं शेवटचं वाक्य मान्य. मग 'पोषणपुष्ट' कशाकडे बघून केलं? दोनदा 'प' आणि दोनदा 'ष'. आजींना म्हणून दाखवायला सांगा.

ताटवाटी
नुसत्या शब्दावर अडकू नका. शंभर ग्रॅम पिठात सात मिलिग्रॅम लोह असलं तरी सगळं अंगी लागत नाही. बाजरीतलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, आणि भाकरीवर लगेच चहा घेतला तर आणखी कमी लागतं. लिंबाची फोड पिळली तर फरक पडतो. पत्रकात ही ओळ मोठ्या अक्षरात टाका. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बायका जेवण झालं की आधी चहा ठेवतात.

आणि ज्वारी-उडदाचा कळणा लिहाच. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, उडदात तो भरपूर. उडदाला मेथिओनिन हा दुसरा घटक कमी पडतो, तो ज्वारी भरून काढते. दोघांची प्रथिनं एकमेकांना पुरी पडतात. आपल्या आज्यांनी हे कधीच जुळवून ठेवलंय.

शब्दवेध
'कळणा' पौष्टिक म्हणून? आमच्याकडे कळणा म्हणजे डाळ करताना पडणारा चुरा. 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढले' असं म्हणतात. ते गरिबीचं अन्न.

पांझराकाठ
तो तुमचा कळणा. खान्देशात कळणा म्हणजे दादर आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकर, वर वांग्याचं भरीत, बाजूला कांद्याची पात. पाहुणा आला की आम्ही ती मुद्दाम करतो. अशा भाकरीला गरिबीचं अन्न म्हणू नका, मनाला लागतं.

शब्दवेध
दुखवायचं नव्हतं, दादा. पण अर्थ फिरला कसा? चुऱ्यासकट भरडलेलं ते कळणा, आणि मग मुद्दाम उडीद घालून दळलेलं तेही कळणा, असं झालं असेल का?

जुनामास्तर
शक्य आहे. माझी आजी उडीद भाजून घालायची आणि त्यालाच कळणा म्हणायची.

केळीवाला
भाजून? आमच्याकडे कच्चेच. चार वाट्या दादर, एक वाटी उडीद.

रानजाई
उद्या बुधवार आहे. 'कसदार' आणि 'लोहवाली' दोन्ही कागदावर लिहून सकाळी पुन्हा त्या आजींकडे जातेय.

पांझराकाठ
जा ताई. आणि विचारा, आजी बाजरीचा कळणा करतात का. आमच्याकडे फक्त दादरचा, पण मामाच्या गावी बाजरीचा खाल्ल्याचं आठवतं. उडीद किती घालायचे ते मात्र मामीबरोबरच गेलं.