१२ मीटर रस्त्यावर नवा फूटपाथ: काम सुरू होण्याआधी काय मागून घ्यावं?

वाटसरू_पुणे
आमच्या सोसायट्यांच्या १२ मीटर रस्त्याचे फूटपाथ नव्याने होणार आहेत. नकाशात दोन्हीकडे २-२ मीटर फूटपाथ आणि एका बाजूला पार्किंग आहे. सध्याचा फूटपाथ दर गेटपाशी खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणून ज्येष्ठ मंडळी रस्त्यावरूनच चालतात. काँक्रीट पडायच्या आत कनिष्ठ अभियंत्यांकडे नेमकं काय मागायचं? मापांसकट सांगा.

समतल
सगळ्यात आधी फूटपाथची उंची पक्की करून घ्या, बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे १५० मिमी ही कमाल उंची आहे. तुमच्या रस्त्याला १०० मिमी पुरे. कोपऱ्यावरचा उतार १:१२ ठेवायचा तर १५० मिमीला १.८ मीटर लांबी लागते, १०० मिमीला १.२ मीटर. जागा नसली की ठेकेदार तोच उतार दीड-दोन फुटांत उरकतो आणि व्हीलचेअर मागे कलंडते.

गेटपाशी फूटपाथ उतरवूच नका. चालायचा पट्टा सलग एकाच पातळीत राहिला पाहिजे. चढायचं ते गाडीने. रस्त्याकडच्या ६०० मिमी पट्टीत गाडीसाठी उतार द्यायचा: १०० मिमी उंचीला तो १:६ पडतो, गाड्या सहज चढतात. तो रस्त्यावर पुढे काढला तर पावसाचं पाणी तिथेच अडतं. गेटच्या आतली पातळी आत्ताच मोजून नकाशावर लिहून घ्या, नाहीतर ऐन कामात सोसायटी अडून बसते आणि फूटपाथ पुन्हा खाली जातो.

आणखी एक. डांबराचा नवा थर जुना थर न खरवडता टाकला तर कर्ब (फूटपाथची रस्त्याकडची दगडी कड) दर वेळी ४०-५० मिमी बुडतो. दोन थरांत १०० मिमीचा फूटपाथ रस्त्याला टेकतो. आधी मिलिंग (जुना थर खरवडणं), मग डांबर, हे लेखी घ्या.

नकाशावाला
२ मीटर कागदावर असतात. विजेचा खांब, झाड आणि डीपी बॉक्स (वीजवितरणाची पेटी) त्यातच उभे राहिले की हातात मीटरभर उरतो. निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे २ मीटरमध्ये खांबाला जागाच नाही. पार्किंगच्या बाजूला खांब, झाडं आणि बॉक्स पार्किंगच्याच पट्ट्यात, दोन गाड्यांच्या मधे घ्या. दुसऱ्या बाजूला एखादं जुनं झाड आडवं आलं तर तिथे कर्ब थोडा बाहेर काढा. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. मुळं आवळली की फूटपाथचे पेव्हर ब्लॉक उचलले जातात.

खडी_मुरूम
ब्लॉक खचतात ते बहुतेक वेळा खालच्या भरावामुळे. केबलचा चर बुजवताना १५०-२०० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि कॉम्पॅक्टर (माती दाबायचं यंत्र). एकदम माती लोटली तर पहिल्या पावसाळ्यातच खड्डा. चालण्याच्या भागात ६० मिमी जाडीचे ब्लॉक, गेटसमोर ८० मिमी आणि खाली काँक्रीटचा थर. वाळूची गादी ३०-४० मिमीच. पातळी जमवायला ती जाड केली की ब्लॉक डुलतात. आडवा उतार १:५०, रस्त्याकडे. चेंबरची झाकणं ब्लॉकच्या पातळीत बसवून घ्या आणि कोपऱ्यावरच्या उतारात चेंबर येऊ देऊ नका. पुढच्या केबलसाठी दोन रिकामे पाइप आत्ताच टाकले तर नवा फूटपाथ लगेच खणावा लागत नाही.

वाटसरू_पुणे
खूप आभार. दुचाकी वर चढू नयेत म्हणून बोलार्ड (आडवे येणारे आखूड खांब) किती अंतरावर लावायचे?

समतल
मधे किमान ९०० मिमी मोकळं सोडावंच लागतं, व्हीलचेअरला तेवढं हवं. त्यातून दुचाकीही जाते, बोलार्ड फक्त चारचाकी अडवतात. अंतर कमी करून किंवा झिगझॅग लोखंडी पाइप लावून व्हीलचेअर आणि बाबागाडी अडवू नका. सलग कर्ब आणि मोजकेच उतार असले तर दुचाकीला वर यायच्या जागाच कमी होतात. उरलेल्यांसाठी वाहतूक पोलिसांची कारवाईच लागेल.