छापील की स्क्रीन? आपापले अनुभव सांगा

ई-रीडर घेऊन तीन वर्षं झाली. साठेक पुस्तकं भरलीत, पूर्ण झाली अकरा. बाकीची १४ टक्के, ३२ टक्के अशी लटकलीयेत. हातात पुस्तक असलं की डावीकडची पानं वाढतायत, उजवीकडची उतरतायत हे बोटांनाच कळत असतं, त्या टक्क्यांनी काही हुरूप येत नाही बुवा. तुमचं काय? फक्त नव्या पुस्तकाचा वास सोडून बोला, ते आता सगळ्यांचं पाठ झालंय.

*

वासाचं नाही, डागांचं सांगते. आईचं पाककृतींचं पुस्तक माझ्याकडे आलंय, हातातून सोडलं की आपोआप अनारशांवरच उघडतं, ते पान तुपाने इतकं पारदर्शक झालंय की मागचे चिरोटे इकडून दिसतात. समासात आईने पेन्सिलीने लिहिलंय, "गूळ एवढा नको". मी एकदा मोबाईलवर बघून करायला गेले तर दर मिनिटाला स्क्रीन बंद, हात पिठाचे, शेवटी नाकाने टॅप केलं तर जाहिरात उघडली.

*

एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिका. ग्रुपवर पीडीएफ फुकट येतात म्हणून फोन भरलाय नुसता, उघडतं कोण. पेपरात आठवतं ते असं की हे कलम डाव्या पानावर खाली होतं आणि शेजारी चहाचा गोल डाग. पीडीएफमधे सगळं वरून खाली घरंगळत जातं, कशाला ठरलेली जागाच नाही. त्यामुळे आता महत्त्वाचं तेवढं पाठपोट प्रिंट काढून स्पायरल मारून घेतो, बाकी अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड. त्यात आधीच्या कुणीतरी अधोरेखित केलेलं असतं, बहुतेक नको त्या ओळी.

*

सांगलीकर. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. पाणी उतरल्यावर पानापानात वर्तमानपत्र घालून पुस्तकं पंख्याखाली मांडली, दिवसातून दोनतीनदा ते कागद बदलायचे, घरात दुसरं काम कमी होतं का, पण केलं. साध्या कागदाची वाचली, फुगून दुप्पट झालीयेत पण वाचता येतात. चकचकीत आर्ट पेपरवाल्यांची मात्र वीट झाली, एक पान सुटलं नाही. भाचा म्हणाला, मामा, सगळं क्लाउडवर असतं तर? बरोबर आहे त्याचं. फक्त लाइट नव्हती तेव्हा सगळ्यांचे फोन मेलेले आणि आम्ही माडीवर बसून वरच्या कप्प्यातलं काहीबाही वाचत होतो, तोसुद्धा.

*

माफ करा, मी उलट्या बाजूची. सासूबाई ७८ च्या, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली तरी बारीक टाइप दिसेना, भिंग घेऊन एकेक ओळ चालायची. टॅबवर अक्षर मोठं करून दिलं, एका वेळी जेमतेम सात-आठ ओळी मावतात, पण दिवाळीपासून चार कादंबऱ्या संपवल्यात. मोठ्या टायपातली छापील मराठी पुस्तकं मिळतात तरी किती सांगा.

*

सासूबाईंना अनुमोदन. आणि आम्हाला विचारा, जर्मनीत राहतो. बॅगेत २३ किलो, त्यात भाजणी न्यायची की पुस्तकं यावरून दर ट्रिपला आईशी भांडण, आणि जिंकते भाजणी. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी काही ई-बुकांत रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला असतो, दातात खडा आल्यासारखं होतं. कविता मात्र छापीलच आणतो. अक्षर मोठं केलं की ओळ कुठेही तुटते आणि कवीने कुठे तोडली होती ते कळतच नाही.

*

ई-पुस्तक कुणी ढापत नाही एवढं एक मान्य. माझं एक पुस्तक २०१४ साली मित्राने "दोन दिवसांत देतो" म्हणून नेलं. मग मीच चारदा विचारलं, प्रत्येक वेळी "अरे तुला दिलं ना परत!" गेल्या महिन्यात त्याच्या वास्तुशांतीला गेलो तर शोकेसमधे दर्शनी उभं, पहिल्या पानावर माझं नाव आणि तारीख. जेवण होईपर्यंत गप्प बसलो, मठ्ठा चांगला होता. निघताना गिफ्ट आणलेल्या पिशवीतच घातलं आणि घरी घेऊन आलो. अजून फोन आलेला नाही त्याचा.